गर्दी आहे, गिऱ्हाईक नाही: जुनी बाजारपेठ पुन्हा चालती करायची तर

शुक्रवारची संध्याकाळ होती. कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या आमच्या गल्लीतल्या एका कापडदुकानात मी गादीवर बसलो होतो. दुकान काकांचं, म्हणजे रक्ताच्या नव्हे, गल्लीच्या नात्यानं काका. तासाभरात दाराशी बरीच माणसं थांबली. कुणी विचारलं, देऊळ कुठल्या अंगाला. कुणी विचारलं, गाडी इथं लावली तर चालेल का. एका बाईनं काकूंना हळूच विचारलं, बाथरूम कुठं आहे. कापड विचारणारी दोनच. काका म्हणाले, "दिवसभर मी रस्ता सांगायचं दुकान चालवतोय बघ. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडू?"

अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या बाजाराचं दुखणं काकांनी एका वाक्यात सांगितलं. कमान बांधा, दिवे लावा, महोत्सव भरवा म्हणजे गर्दी वाढेल, असा सल्ला आम्हाला सगळे देतात. गर्दी आम्हाला कमी नाही. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते. माणूस येतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो, गाडी काढतो आणि जातो. आणि जी गृहिणी पूर्वी महिन्यातून दोनदा यायची, ती आता गाडी लावायला जागा नाही म्हणून राजारामपुरीत जाते, नाहीतर मोबाईलवर मागवते. पहिल्याला थांबवायचं आणि दुसरीला परत आणायचं, एवढंच काम आहे. गेली काही वर्षं आमच्या गल्लीत आम्ही ते करून बघतोय. त्यातलं काय जमलं, काय फसलं आणि कुठून सुरुवात करावी, ते इथं लिहितो. गडहिंग्लज, मुरगूड, पेठवडगावच्या बाजारातही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गल्ली निवडा, शहर नको

पहिली चूक आम्ही ही केली की महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, पापाची तिकटी असा सगळा पसारा एकाच बैठकीत घेतला. बैठक तीन तास चालली, चहा दोनदा झाला आणि ठरलं काहीच नाही. गुजरीतल्या सोनाराची अडचण वेगळी, कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीवालीची वेगळी.

दोन चौकांमधला एक तुकडा घ्या. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसावं, आणि प्रत्येक दुकानदार दुसऱ्याला नावानं ओळखत असावा. मग मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढा. प्रत्येक शटर, वरचा मजला, बोळ, नळ, ट्रान्सफॉर्मर, झाड, कचऱ्याची जागा. बंद शटरवर फुली मारा आणि शेजारी लिहा: मालक कोण, भाडेकरू कोण, का बंद. हे काम गुगल मॅपवर होत नाही. चालत जाऊन, दारात उभं राहून करावं लागतं. आम्हाला चार संध्याकाळी लागल्या, कारण प्रत्येक दारात "बसा की जरा" होतंच.

मग मोजा

बाजाराबद्दल प्रत्येकाचं मत असतं, आकडा कुणाकडे नसतो. तो मिळवायला यंत्र लागत नाही. कॉलेजची दोन मुलं, खुर्ची, वही आणि पेन्सिल पुरतं. तीन दिवस घ्या: एक साधा वार, एक मंगळवार किंवा शुक्रवार (देवीच्या वारांना गर्दी वेगळी असते) आणि एक रविवार. प्रत्येक दिवशी तीनच तास: सकाळी ११ ते १२, संध्याकाळी ५ ते ६, रात्री ७ ते ८. वहीत चार रकाने करा: गल्लीतून गेलेली माणसं, त्यातली हातात पिशवी असलेली, दुकानासमोर थांबलेली आणि आत गेलेली. पाच-पाचच्या रेघोट्या मारत जायच्या.

त्याच दिवसांत वीसेक गिऱ्हाइकांना तीन प्रश्न विचारा. कुठून आलात? गाडी कुठं लावली? काय घ्यायचं होतं आणि मिळालं नाही? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा, पुढं बंद गाळा भरताना तीच कामाला येतात.

दारातल्या गाड्याही मोजा. सकाळी ११ वाजता लावलेल्या दुचाकींचे शेवटचे चार आकडे लिहायचे, दुपारी ३ ला पुन्हा बघायचे, संध्याकाळी ६ ला पुन्हा. आमच्याकडे हे केलं तेव्हा वहीकडे बघून सगळे गप्प झाले. दिवसभर न हललेल्या गाड्या बहुतेक आमच्याच होत्या. मालकांच्या, त्यांच्या मुलांच्या, कामगारांच्या. महापालिकेच्या नावानं दहा वर्षं बोटं मोडत होतो आणि गिऱ्हाइकाची जागा आम्हीच अडवून बसलो होतो.

पार्किंग: घरापासून सुरुवात

म्हणून पहिला ठराव हा करा की दुकानदार आणि कामगार गल्लीत गाडी लावणार नाहीत. बिंदू चौकात किंवा जवळच्या मोकळ्या जागेत लावून चालत येतील. लोक कुरकुरतात. तेव्हा साधा हिशेब मांडा. समजा दारात दुचाकीची एक जागा आहे. मालकाची गाडी तिथं दहा तास उभी राहिली तर त्या जागेनं दिवसात शून्य गिऱ्हाईक आणलं. तीच जागा पाऊण-पाऊण तासानं रिकामी झाली तर दहा-बारा गिऱ्हाइकं येऊन जातील. त्यातल्या निम्म्यांनी खरेदी केली असं धरा आणि आकडा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या बिलानं गुणा. आमच्यातले जुने लोक या गुणाकारानंतर मानले.

यानंतरच शहर वाहतूक शाखेकडे जा. सम-विषम तारखेचं पार्किंग हवं, मालाच्या गाडीला सकाळी दहाच्या आतच प्रवेश हवा, असं नेमकं मागा. सोबत वहीतले आकडे आणि सगळ्यांच्या सह्या जोडा. "पार्किंगची सोय करावी" असा मोघम अर्ज कपाटात जातो.

रस्ता वाहनांना बंद करावा का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. पुणे महापालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन सुरू केला. अमृतसरला सुवर्णमंदिराकडे जाणारा रस्ता २०१६ मध्ये पायी चालण्यासाठी नव्यानं बांधला. दोन्ही उदाहरणं चांगली आहेत, पण थेट उचलू नका. आधी एका रविवारी संध्याकाळी ५ ते ९ बंद करून बघा. त्या दिवशीही मोजणी ठेवा. कुणाचा धंदा पडला, कुणाचा चढला, हे दुसऱ्या दिवशी वहीत दिसेल आणि वाद अर्धा होईल. गल्लीत राहणाऱ्यांना आधी घरोघर जाऊन सांगा, नाहीतर आजारी माणसाची रिक्षा अडकली की सगळं तिथंच संपतं.

माणसं एकत्र कशी आणायची

व्यापारी संघटना बहुतेक ठिकाणी असते. ती वर्षातून एकदा सत्यनारायणाला आणि एकदा घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, वाढला की जागी होते. नवी काढण्यापेक्षा तिलाच हलवा. नोंदणी नसेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी करता येते, आणि आपल्याकडे तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंदवावी लागते. नोंदणीशिवाय बँकेत खातं नाही, आणि खात्याशिवाय वर्गणीचं रूपांतर भांडणात होतं.

समितीत फक्त दुकानदार घेऊ नका. कोल्हापुरात गल्लीचा कारभार तालीम मंडळाशिवाय, म्हणजे गल्लीच्या आखाड्याभोवती जमलेल्या मंडळाशिवाय, होत नाही, हे बाहेरच्या सल्लागाराला कळत नाही. मांडव कुठं, मिरवणूक कुठून, रस्ता किती दिवस अडणार, हे तालमीत ठरतं. तालमीच्या पोरांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. आमच्या मोजणीला खुर्च्या तालमीनंच दिल्या. त्यांच्याशिवाय वरच्या मजल्यावर राहणारं एक घर, एक कामगार, एक हातगाडीवाला आणि दोन तरी बायका असाव्यात. बाजारात बहुतेक खरेदी बायका करतात आणि बाजाराची बैठक पुरुष करतात, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. आमच्या बैठकीत काकू आल्या त्या दिवशी स्वच्छतागृहाचा विषय पहिल्यांदा निघाला. त्याआधीच्या सहा बैठकांत कुणाला सुचला नव्हता.

एक गोष्ट मात्र बाहेरून उचलण्यासारखी आहे. अमेरिकेत मॉल आल्यावर छोट्या गावांचे मधले बाजार ओस पडू लागले, तेव्हा तिथल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग सुरू केला. त्यातून 'मेन स्ट्रीट' नावाची पद्धत निघाली. संघटन, प्रसिद्धी, रूप आणि धंद्याचं गणित या चारही अंगांनी एकाच वेळी काम करायचं, अशी ती पद्धत. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: प्रत्येक गावात या कामासाठी एक पगारी माणूस ठेवला होता. आपल्याकडे सगळं काम फावल्या वेळात, दुकान सांभाळून चालतं आणि दिवाळी आली की बंद पडतं. वर्गणीतून अर्धवेळ पगार देऊन गल्लीतलीच एखादी पदवीधर मुलगी किंवा मुलगा ठेवा. अर्ज घेऊन फिरणं, मोजणी, फोटो, हिशेब, बैठकीचं इतिवृत्त हे त्यानं करायचं. कमानीच्या खर्चात असा माणूस कितीतरी महिने सांभाळता येईल.

हातगाड्या आणि टपऱ्या

इथं पहिला वाद पेटतो. दुकानदार म्हणतो, मी घरफाळा भरतो, वीजबिल भरतो आणि माझ्या पायरीपुढं हा कंगवे विकतो. हातगाडीवाला म्हणतो, मी तीस वर्षं इथंच आहे. दोघंही खरं बोलतात. अतिक्रमणाची गाडी आणून गाड्या उचलल्या तर आठ दिवसांनी त्या परत येतात, मधल्या काळात फक्त वैर वाढतं.

२०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. त्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिचे अध्यक्ष आयुक्त, आणि किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असतात. व्यापारी संघटनेलाही तिथं जागा आहे. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीची जागा, विक्री नसलेली जागा हे सगळं तिथून ठरायचं असतं. गल्लीपुरता तोडगा मात्र तुम्हीच काढा. पायरीपासून किती अंतर सोडायचं याची रस्त्यावर रंगानं रेघ ओढा, अग्निशमनाच्या गाडीला वाट मोकळी ठेवा आणि कोणती गाडी कुठं ते नावानिशी लिहून घ्या. भेळ, सरबत, गजरे यांच्या गाड्या माणसाला थांबवतात. हातात भेळेचा कागद आला की माणूस दहा मिनिटं कुठं जात नाही, आणि तेवढ्यात समोरचं दुकान त्याच्या नजरेला पडतं.

बसायला जागा, स्वच्छतागृह, उजेड

स्वच्छतागृहाबद्दल जास्त लिहायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. गगनबावड्याकडून किंवा राधानगरीकडून आलेली बाई रंकाळा स्टँडवर उतरते आणि चालत बाजारात येते. तिला लग्नाचा बस्ता बांधायचा असतो: साड्या, भांडी, मणी-मंगळसूत्र, चप्पल. म्हणजे एका फेरीत पाच दुकानं. जुन्या बाजाराचं हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि कोणतंही ॲप ते हिसकावू शकलेलं नाही, कारण बस्त्याला आत्या, मावशी, मामी सगळ्या बरोबर लागतात. पण त्या सहा बायकांना चार तास काढायचे असतील तर स्वच्छ जागा पाहिजे. ती नसेल तर त्या पाणीच पीत नाहीत आणि तिसऱ्या दुकानानंतर "चला, उरलेलं नंतर बघू" म्हणतात. उरलेलं मग दुसरीकडे होतं.

नवं बांधकाम मागत बसू नका. गल्लीतली चार-पाच दुकानं किंवा खानावळी निवडा, त्यांचं स्वच्छतागृह गिऱ्हाइकांना खुलं ठेवायचं आणि सफाईचा पगार संघटनेनं द्यायचा. दाराला लहान पाटी लावा, म्हणजे विचारताना संकोच होत नाही. सोबत पिशव्या ठेवायला एक खोली, पिण्याचं पाणी आणि दोन बाकं. बस्त्याच्या घरांना लग्नसराईच्या आधी हे सांगा: गाडी इथं लावा, पिशव्या इथं ठेवा, ही पाच दुकानं, चहा आमच्याकडून. आमचं सगळ्यात चांगलं चाललेलं काम हेच.

पाट्या आणि दर्शनी भाग यावर फार पैसा घालू नका. मराठी पाटी कायद्यानं बंधनकारक आहेच, आणि देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. जुनी लाकडी फळ्यांची दारं, सागवानी खांब, वरचे सज्जे जिथं शिल्लक आहेत तिथं त्यांच्यापुढचा फ्लेक्स तेवढा उतरवा. लोंबत्या केबली बांधून घ्या. महाद्वाराच्या समोरच्या अंगाला असाल तर आणखी एक काळजी. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. त्या रेषेत फलक, टाकी किंवा पत्र्याची शेड वाढवू नका.

बंद शटर

फुल्या मारलेल्या शटरमागं बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते: भावाभावांचा वाद, जुनी पागडी, किंवा मुलं पुण्यात आणि वडील थकलेले. पहिल्या दोन्हींत संघटनेनं पडू नये. तिसऱ्यात मात्र खूप करता येतं. मालकाची भीती एकच असते, एकदा दिलेला गाळा परत मिळेल का. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा लेखी आणि नोंदणीकृत करार सांगितलेला आहे. वकिलाकडून त्याचा एक मसुदा करून घ्या आणि अकरा महिन्यांसाठी द्यायला सांगा. त्याहून सोपं म्हणजे दसरा ते दिवाळी एवढ्याच मुदतीचा करार. तेवढ्यानं धीर येतो.

आत कोण बसवायचं? गिऱ्हाइकांच्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं काढा. आमच्याकडे कुणी मोबाईल कव्हरचं आणखी एक दुकान मागितलं नव्हतं. लोकांना शिवण-फॉल-पिको, घड्याळ दुरुस्ती आणि बसून जेवायला जागा हवी होती.

आणि कारागीर आणा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि जगभर चर्चा झाली. पण आपल्या बाजारात आलेल्या पाहुण्याला दिसतात त्या टांगलेल्या माळा, आणि त्यात रेक्झीनही मिसळलेलं. एका गाळ्यात कारागीर बसू दे. कातडं कापायची रापी चालताना दिसू दे, कातड्याचा वास येऊ दे, कापशी म्हणजे काय आणि पायताण म्हणजे काय हे त्याच्याच तोंडून ऐकू दे. तो माणूस वीस मिनिटं हलत नाही. शिवाय पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार येतात: अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. तुमच्या पगारी माणसानं हे अर्ज भरून द्यावेत, कारागिराला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका.

लोकांपर्यंत पोचायचं

यात फार काही नाही. प्रत्येक दुकानाची मोबाईल नकाशावर नोंद, खरी वेळ, चार चांगले फोटो. गल्लीचा एकच व्हॉट्सॲप नंबर, तो पगारी माणसाकडे. दिवसाला वीस शुभेच्छा पाठवल्या तर लोक ब्लॉक करतात.

त्यापेक्षा नवं गिऱ्हाईक कुठं तयार झालंय ते बघा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालंय. सहा जिल्ह्यांतून, अगदी सिंधुदुर्ग-सोलापुरातून पक्षकार आणि वकील कामाच्या दिवशी येतात, आणि तारीख झाली की परतीच्या गाडीपर्यंत वेळ मोकळा. देवळाची गर्दी सुट्टीची, ही गर्दी आडवारची. बाजार जिथून दहा मिनिटांवर आहे तिथं एक साधा फलक आणि दुपारच्या जेवणाची नीट जागा हवी. पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यानं तिकडून येणारेही वाढतील. लॉजवाल्यांकडे तुमचा कागद ठेवा.

कोणता कागद? तो काकांचाच. रस्ता सांगून कंटाळले तेव्हा त्यांनी पुतणीकडून हातानं नकाशा काढून घेतला. एका बाजूला देऊळ, पार्किंग, स्वच्छतागृह, स्टँड. मागं गल्लीतली दुकानं, त्यांच्याकडे काय मिळतं त्याच्यासकट. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं पहिला गठ्ठा फुकट दिला. आता कुणी देऊळ विचारलं की काका कागद पुढं करतात आणि म्हणतात, "येताना मागची बाजू वाचत या."

पावसाळा धरून चाला

लक्ष्मीपुरी, शाहूपुरीच्या बाजूला असाल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येणार नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. संघटनेनं आपली एक पातळी त्याच्या अलीकडे ठरवावी. ती गाठली की माल वर हलवायचा, कुणी कुणाला हात द्यायचा, टेंपो कुणाचा, हे जूनमध्येच कागदावर हवं. स्टॉकच्या विम्यात पूर येतो का, हे पॉलिसी उघडून बघा. न बघितल्यानं काय होतं ते आमच्या नात्यातल्या एका दुकानानं भोगलंय.

महापालिकेकडे कधी जायचं

अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. मागण्या डिसेंबरच्या आत द्या. एका अर्जात एकच मागणी, एकच विभाग, जागेचा फोटो, मोजणीचा आकडा. पोच घ्या. पाच मागण्या एकत्र लिहिल्या तर प्रत्येक विभाग उरलेल्या चारांकडे बोट दाखवतो. आमचा एक अर्ज सात महिने तीन टेबलांमध्ये फिरला, तेव्हा हे शिकलो. आणि बाजार जागेवरच राहील असं गृहीत धरू नका. १८९१ ला कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, आणि आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात.

सहा महिन्यांनी आणि मग वर्षानं पुन्हा मोजा. तीच जागा, तेच वार, तेच तास, जमलं तर तीच मुलं. आषाढातल्या आकड्याशी नवरात्राचा आकडा ताडू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. आणि पहिला रकाना वाढला म्हणून पेढे वाटू नका. गेलेली माणसं किती यापेक्षा थांबलेली आणि आत गेलेली किती, ते बघा. आमच्या दुसऱ्या मोजणीत पहिला रकाना जवळपास तसाच होता, चौथा थोडा वाढलेला. काकांनी वही दोनदा वाचली आणि विचारलं, "यात रस्ता विचारणारे धरलेत का?" धरले नव्हते. पुढच्या वेळी पाचवा रकाना करणार आहोत.